उणे ३० मधला टाइमलॅप्स बॉक्स: डबा भारी, अ‍ॅप डोकेदुखी

कॅमेऱ्यासाठी गरम डबा म्हणून जे विकतात ना, आतून फोम, तळाला हीटर, पुढे काच, मागे बारा व्होल्टचं सॉकेट आणि इंटरव्हलोमीटर, म्हणजे ठरलेल्या अंतराने आपोआप फोटो काढणारं यंत्र, आतच बसवलेलं, त्याचा हा रिव्ह्यू. असे फोटो एकामागोमाग जोडून केलेला व्हिडिओ म्हणजे टाइमलॅप्स. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे तक्रारी पण आहेत, आणि तसंही हे सगळे डबे इतके एकसारखे असतात की एकाबद्दल लिहिलेलं बाकीच्यांनाही बऱ्यापैकी लागू पडतं. वापरला स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या बेटांवर, तिथल्या लाँगइयरब्येन गावाच्या आसपास, फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ध्रुवीय रात्र संपून सूर्य परत येतो त्या काळात. तापमान बहुतेक वेळ उणे १५ ते उणे २५, मधूनच एखादी रात्र उणे ३० ची. अंटार्क्टिकाच्या पोटात असते तशी जीवघेणी थंडी ही नाही, तिथे दक्षिण ध्रुवावर हिवाळ्यात सरासरीच उणे ६० च्या आसपास असते आणि व्होस्तोक संशोधन केंद्रावर १९८३ मध्ये उणे ८९.२ नोंदलं गेलंय, त्या लेव्हलला हा डबा न्यायचा विचारही करू नका, डब्यावरच उणे ४० पर्यंत असं छापलंय.

आधी निकाल सांगून टाकतो. डबा घ्यावा असा आहे, पण जाहिरातीत ज्यासाठी घ्या म्हणून सांगतात त्यासाठी नाही. जाहिरातीत सगळा भर कॅमेरा गरम राहतो यावर, आणि खरं सांगायचं तर कॅमेरा गरम ठेवायची गरजच फार कमी वेळा पडते.

आता हे ऐकून कुणी म्हणेल की कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये तर ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. असतंच. बहुतेक कंपन्या तेवढंच लिहितात, कारण तेवढ्याचीच त्यांना हमी द्यायची असते. पण उणे २० ला मिररलेस बॉडी आरामात फोटो काढते, स्क्रीन मात्र रेंगाळते, कारण एलसीडीमधला द्रव थंडीत घट्ट होतो आणि मेनू बदलला की जुना मेनू मागे सावलीसारखा दिसत राहतो. टाइमलॅप्सला स्क्रीनशी आपल्याला देणंघेणं काय, एकदा फ्रेम लावली की संपलं. उलट सेन्सर गार असणं फायद्याचंच, तापमान उतरलं की डार्क करंट, म्हणजे उजेड नसतानाही सेन्सरमध्ये तयार होणारा नकोसा सिग्नल, कमी होतो आणि लांब एक्स्पोजरमध्ये ते लाल-निळे ठिपके जवळजवळ गायब होतात, ऑरोराच्या, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या, रात्री तर हा फरक डोळ्यांनी दिसतो. मग आपणच हीटर लावून तो फायदा घालवायचा कशाला? थंडीत खरी बोंब होते ती तीन गोष्टींची, बॅटरी, ओलावा आणि आपली बोटं. डब्याला मार्क द्यायचे ते या तिन्हींवर.

बॅटरीपासून सुरुवात करू. लिथियम-आयन बॅटरी थंडीत मरत नाही, झोपते. आतली रासायनिक क्रिया मंदावते, व्होल्टेज पडतं, कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली आणि तो बंद होतो, मग तीच बॅटरी तासभर जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली की परत अर्धी भरलेली दाखवते. म्हणून कॅमेऱ्यात डमी बॅटरी, म्हणजे बॅटरीच्या आकाराचा नुसता खोका, लावून त्याची वायर बाहेरच्या मोठ्या बॅटरीला जोडणं हा जुना आणि चांगला उपाय आहे, या डब्यात ती सोय आहे आणि नीट आहे. सोबत त्यांनी १२.८ व्होल्ट २० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी दिलीय, वेगळ्या छोट्या फोमच्या पेटीत. हिशोब करा, साधारण २५६ वॉट-तास. डब्याचा मुख्य हीटर १० वॉटचा, काचेचा ३ वॉटचा, कॅमेरा आणि कंट्रोलर मिळून आणखी ३ धरा. सगळं चालू ठेवलं तर कागदावर सोळा तास होतात, आणि थंडीत बॅटरी पूर्ण देत नाही म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. मुख्य हीटर बंद केला तर तीच बॅटरी कागदावर चाळीस तासांच्या पुढे जाते. म्हणजे डब्याचं जे फीचर मोठ्या अक्षरात छापलंय तेच अख्खी बॅटरी खातंय. माझ्या मते तो १० वॉट कॅमेऱ्याखाली लावण्यापेक्षा बॅटरीच्या पेटीत दोन-तीन वॉटचं पॅड दिलं असतं तर डबा दुप्पट उपयोगी झाला असता. तसं पॅड दिलेलं नाही. बॅटरीची पेटी बर्फात खड्डा करून पुरली तर बऱ्यापैकी निभावतं, भुसभुशीत बर्फ उघड्यावरच्या वाहत्या हवेपेक्षा चांगलं इन्सुलेशन देतो आणि वाऱ्यापासून वाचवतो.

वाऱ्याचा विषय निघालाय तर एक गैरसमज इथेच मोडतो. विंडचिलचा, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या जास्तीच्या थंडीचा, आकडा हा माणसाच्या कातडीसाठी असतो. हवा उणे २० असेल तर वारा कितीही सुटो, कॅमेरा उणे २० च्या खाली वाऱ्यामुळे जाणार नाही. पण वारा उष्णता भरभर पळवतो, त्यामुळे हीटर असलेल्या डब्याला वारा चांगलाच जाणवतो, शांत हवेत थर्मोस्टॅट अधूनमधून बंद व्हायचा तो वाऱ्यात सतत चालूच राहायचा. डब्याच्या तळाला ट्रायपॉडच्या स्क्रूसाठी धातूची प्लेट आहे आणि तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये नायलॉनचा जाडसर ठोकळा टाकलाय, नाहीतर सगळी ऊब ट्रायपॉडमधून बाहेर गेली असती. हे ज्याने केलंय त्याला थंडी माहितीये, मान्य करायला हवं.

आणि चार्जिंग! शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, आत धातूच्या रूपातलं लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची बिघडते. सोबतच्या बॅटरीत शून्याखाली चार्जिंग आपोआप तोडणारं सर्किट आहे, छान, पण मग त्यांनी डब्याच्या फोटोत शेजारी सोलर पॅनल का दाखवलाय हे कळत नाही. एक तर ध्रुवीय रात्रीत सूर्यच नसतो, आणि उजेडाच्या दिवसात बॅटरी गरम नसेल तर पॅनल लावून उपयोग शून्य.

आता काच. डब्यातला सगळ्यात भारी भाग हाच, आणि सगळ्यात कमी जाहिरात याचीच.

मोकळ्या आकाशाखाली रात्री लेन्स ठेवली की ती हवेपेक्षाही थंड होते, कारण ती आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत असते. मग हवेत असेल नसेल तेवढा ओलावा येऊन तिच्यावर बसतो. आधी काही दिसत नाही, फ्रेममध्ये तारे थोडे सुजल्यासारखे वाटतात, मग दिव्यांभोवती वलय येतं, आणि दुधावर साय धरावी तसं काचेवर बर्फाचं पातळ पूट धरलेलं असतं. टाइमलॅप्समध्ये हे सगळ्यात वाईट, कारण फ्रेम चालूच असतात, कॅमेरा बिचारा इमानदारीने धुकं शूट करत राहतो आणि आपल्याला ते घरात लॅपटॉपवर कळतं. या डब्याच्या काचेत कडेने पारदर्शक हीटिंग फिल्म आहे, ३ वॉट, आणि ती काच हवेपेक्षा दोन-चार अंश वर ठेवते, बस्स तेवढंच लागतं. रात्रभराच्या शूटमध्ये बाहेरून काच स्वच्छ राहिली. शेजारी उघड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याची लेन्स पहाटेपर्यंत पांढरी झाली होती.

बाहेरून म्हटलं कारण आतून वेगळी गंमत होते. मुख्य हीटर चालू असेल तर डब्यात कुठूनतरी शिरलेला भुरभुरीत बर्फ वितळतो, तो बर्फ शिरतोच, झाकण उघडलं की वाऱ्याबरोबर पिठासारखा आत येतो, मग त्याची वाफ होते आणि जिथे सगळ्यात गार पृष्ठभाग मिळेल तिथे जाऊन गोठते. काचेच्या कोपऱ्यांत फिल्म पोचत नाही, तिथून पिसांसारखी नक्षी आत वाढत येते. दिसायला सुंदर आहे, वाईड लेन्स असेल तर फ्रेममध्ये पण येते. मुख्य हीटर बंद, काचेचा चालू, आत सिलिका जेलची मोठी पुडी, आणि झाकण उघडण्याआधी वरचा बर्फ ब्रशने झाडायचा, एवढं केलं की नक्षी थांबली. म्हणजे परत तेच, ज्याचे पैसे घेतात तो हीटर बंद केल्यावर डबा जास्त चांगला चालतो.

काही जण डब्यात हातात धरायच्या गरम पुड्या टाकायचा सल्ला देतात. त्या पुड्यांत लोखंडाची पूड असते, ती हवेतल्या ऑक्सिजनने गंजते आणि त्या गंजण्यातून ऊब येते. घट्ट बंद डब्यात ऑक्सिजन संपला की पुडी गार. उघड्या लेन्सला रबरबँडने बांधायला ठीक, या डब्यात नको.

आता येऊया अ‍ॅपकडे, हात शिवशिवतायत.

डब्यावर एकच बटण आहे. एक. दाबलं की चालू, जास्त वेळ दाबलं की बंद, आणि एक छोटा एलईडी लुकलुकतो. इंटरव्हल, एक्स्पोजर, किती फ्रेम, हीटर किती, सगळं म्हणजे सगळं फोनच्या अ‍ॅपवरून ब्लूटूथने. हा निर्णय घेणाऱ्याने कधी उणे २५ मध्ये फोन बाहेर काढलाय का? फोनची बॅटरी पण लिथियमचीच आहे, ३० टक्के दाखवता दाखवता बंद पडते. टचस्क्रीनला बोट लागतं, जाड मोज्यावर ती ढिम्म हलत नाही, म्हणून मोजा काढायचा, पातळ आतला मोजा ठेवायचा, त्यात बोटं मिनिटाभरात बधिर होतात, आणि नेमकं तेव्हा अ‍ॅप म्हणतं डिव्हाइस सापडत नाही, पुन्हा शोधा. इंटरव्हल ५ सेकंदांचा ८ करायला मला एकदा इतका वेळ लागला की ज्या ऑरोरासाठी बदलत होतो तो पसरून फिका पडला होता. साधी मोठी फिरवायची कळ दिली असती, पाच-सहा ठरलेल्या इंटरव्हलची, मोज्याने फिरेल अशी, तर हा अर्धा रिव्ह्यू लिहावाच लागला नसता.

आणि हे नुसतं माझं रडगाणं नाही. स्वालबार्डलाच न्यू-ओलेसुंड म्हणून संशोधनाचं छोटं गाव आहे, भारताचं हिमाद्री स्टेशन २००८ पासून तिथेच आहे. तिथे रेडिओ शांतता पाळावी लागते, संवेदनशील मोजमापांसाठी २ ते ३२ गिगाहर्ट्झमधले ट्रान्समीटर चालत नाहीत, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद. ध्रुवीय संशोधनासाठी म्हणून विकलेला डबा ध्रुवीय भागातल्या एका मुख्य संशोधन गावात सेटच करता येत नाही! वायरने लॅपटॉपला जोडायची सोय हवी होती, यूएसबीचं भोक आहे पण ते फक्त अपडेटसाठी. कंपनीला ईमेल केला तर उत्तर आलं की सूचना पुढे पाठवली आहे. बरं.

एकदा सेट झालं की कंट्रोलर मात्र विश्वासू आहे, फ्रेम सोडत नाही. घड्याळ थोडं मागे पडतं, तो याचा दोष नाही, क्वार्ट्झचा स्वभावच आहे. घड्याळाचे साधे क्रिस्टल २५ अंशाला बरोबर चालतात आणि थंडीत हळू होतात, उणे ३० ला दिवसाला आठ-नऊ सेकंद. एका कॅमेऱ्याला काही फरक पडत नाही, पण दोन डबे दोन कोनांतून लावून नंतर जुळवायचे असतील तर रोज वेळ मिळवून घ्या.

हार्डवेअरची बारीकसारीक कामं बघितली तर मिश्र प्रकार आहे. झाकणाच्या दोन्ही कड्या मोठ्या आहेत, जाड मोज्याच्या अंगठ्याने उघडतात, मस्त. पण सॉकेटवरची रबरी झाकणं थंडीत लाकडासारखी कडक होतात आणि मग बंदच होत नाहीत, उघडी राहतात आणि भोकात बर्फ बसतो. सोबतची वायर साध्या पीव्हीसीची आहे, उणे २५ ला ती गुंडाळी केलेल्या आकारातच ताठ उभी राहते, जबरदस्तीने सरळ करायला गेलं की वरचं कव्हर तडकतं. सिलिकॉनचं कव्हर असलेली वायर मऊ राहते, ती वेगळी घ्या. बाहेरचा भाग प्लास्टिकचा आहे हे मात्र फार बरं, उघड्या धातूला त्या थंडीत ओला हात काय, जीभ पण चिकटते. कॅप्टन स्कॉटच्या १९१० च्या अंटार्क्टिका मोहिमेवर फोटोग्राफर म्हणून गेलेल्या हर्बर्ट पाँटिंगची खरंच चिकटली होती, कॅमेऱ्याच्याच धातूला, आणि सोडवताना कातडी गेली. तेव्हा ट्रायपॉडच्या पायांना फोमची टेप गुंडाळा, आणि ती घरातच गुंडाळा, बाहेर थंडीत टेपचा गोंद धरत नाही.

डबा वाऱ्यात शीड होतो हा दुसरा मोठा त्रास. कॅमेऱ्यासकट तीन किलोच्या वर वजन आणि चारही बाजू सपाट, त्यामुळे जरा वारा सुटला की फ्रेम थरथरते. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करायचे नाहीत, बर्फात खोल रोवायचे, वर बर्फ दाबून थोडं पाणी ओतलं की गोठून सिमेंट होतं. डब्यालाच दोरी बांधायला दोन कड्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवाय ट्रायपॉडवर कॅमेरा बसतो त्या हेडमधलं ग्रीस थंडीत घट्ट होतं, फ्लुइड हेड तर विसराच, साधं बॉलहेड घेऊन जा आणि फ्रेम एकदाच लावा.

लुकलुक, म्हणजे फ्लिकर, हा डब्याचा विषय नाही पण लोक डब्याला शिव्या देतात म्हणून सांगतो. दर फोटोला लेन्सची पाती बंद होऊन उघडतात, थंडीत ती थोडी आळशी होतात, दर वेळी भोक, म्हणजे अपर्चर, किंचित वेगळं, आणि व्हिडिओ लुकलुकतो. पूर्ण उघड्या अपर्चरवर शूट करा किंवा हाताने अपर्चर फिरवायची लेन्स लावा. यांत्रिक शटरचंही तेच, शक्य तिथे इलेक्ट्रॉनिक शटर. फोकस मात्र डबा बाहेर ठेवून तासाभराने लावायचा, लेन्स गार होताना आकसते आणि घरात लावलेला फोकस सरकतो. यासाठी झाकण परत उघडावं लागतं, दुसरा इलाज नाही.

एका बाबतीत डब्याने चकित केलं, आणि ते जाहिरातीत कुठेच नाही. थंडीतून कॅमेरा थेट उबदार खोलीत आणला की त्यावर आणि आत दव धरतं, यात भलेभले कॅमेरे गेलेत. नेहमीचा उपाय म्हणजे बाहेरच हवाबंद पिशवीत घालून मग आत आणायचा. इथे डबा बंद आहेच आणि फोम इतका जाड आहे की आतला कॅमेरा अगदी सावकाश, जवळजवळ रात्रभर घेऊन खोलीच्या तापमानाला येतो. सकाळी उघडला तर कोरडा ठणठणीत. फक्त मेमरी कार्ड बाहेरच काढून खिशात टाका, नाहीतर फुटेज बघायला सकाळपर्यंत तळमळत बसावं लागतं. कार्डांचं एक, बहुतेक एसडी कार्डांवर उणे २५ पर्यंत लिहिलेलं असतं आणि ती बिनबोभाट चालली.

मग हा डबा कुणासाठी? जो रात्रभर किंवा दोन-तीन दिवस एका जागी टाइमलॅप्स लावतो त्याच्यासाठी. लाँगइयरब्येनला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यालाच क्षितिजावर येतो पण डोंगरांमुळे गावात त्याचा पहिला उजेड पडतो ८ मार्चच्या सुमारास, मधले ते निळे-गुलाबी दिवस शूट करायला याच्यासारखं काही नाही. १० सेकंदांच्या इंटरव्हलला तासाला ३६० फ्रेम, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने जवळपास साडेचौदा सेकंदांचा व्हिडिओ, आणि उजेड इतका हळू बदलतो की कधी कधी ३० सेकंदांचा इंटरव्हल पण पुरतो. तासाभरासाठी ऑरोरा टिपणाऱ्याला डब्याची गरज नाही, लेन्सभोवती गुंडाळायची गरम पट्टी, पॉवरबँक खिशात आणि दोन जास्तीच्या बॅटऱ्या, झालं काम, फार स्वस्तात.

आणि महिनोन्महिने एकट्याने चालणारं काही हवं असेल तरी हा नको. फोटोग्राफर जेम्स बॅलॉगने २००७ पासून ग्रीनलंड, आइसलँड, अलास्काच्या हिमनद्यांसमोर जे कॅमेरे लावून ठेवले किंवा अंटार्क्टिकात पेंग्विनच्या वसाहतींवर नजर ठेवणारे जे टाइमलॅप्स कॅमेरे असतात त्यांचा सगळा खेळ कमीत कमी वीज खाण्यावर चालतो, तासाला एखादा फोटो काढायचा आणि परत झोपायचं. तिथे एए साइजचे लिथियम सेल घेणारा साधा ट्रेल कॅमेरा, जंगलात झाडाला बांधतात तसला, जास्त टिकतो, ते सेल रिचार्ज होत नाहीत पण उणे ४० पर्यंत चालतात आणि अल्कलाइनपेक्षा हलके असतात.

किंमत चांगल्या मिररलेस बॉडीच्या जवळपास निम्मी आहे, जास्तच वाटते. पाचपैकी साडेतीन स्टार, गेलेल्या दीडमधला अर्धा अ‍ॅपने खाल्ला आणि एक त्या १० वॉटच्या हीटरने. एकदाच जाणार असाल तर भाड्याने बघा. विकतच घेणार असाल तर ऑर्डर देतानाच काचेभोवतीची रबरी सील एक जास्तीची मागून घ्या, माझ्या डब्याची खालच्या कोपऱ्यात आत्ताच चिरायला लागलीये आणि सुटी मागवली तर त्यांच्याकडे स्टॉकमध्ये नाही म्हणतात.